टेप शाबूत, दार बंद

आजचा भाग ऐकण्याआधी एक छोटं काम करा. हातातला फोन उलटा धरा आणि खालच्या कडेला चार्जिंगचं जे भोक आहे त्याकडे नीट बघा. रोज रात्री आपण अंधारातसुद्धा त्यात पिन घालतो, पण त्याच्याकडे कधी बघत नाही. आजची गोष्ट अशाच एका भोकाची आहे. ते लॅपटॉपला होतं, कॅमेऱ्याला होतं, आणि एके दिवशी नाहीसं झालं. जाताना आपल्या गावोगावच्या लग्नांचे, यात्रांचे आणि माणसांचे हजारो तास कुलूपबंद करून गेलं.

गोष्ट सुरू होते औंढा नागनाथला, आमच्या मामांच्या घरात.

मामांचा औंढ्यात फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. दुकान बंद होऊनही बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर आत सगळ्या कॅसेट. काही मोठ्या व्हीएचएस, आणि ३८ छोट्या, काड्यापेटीपेक्षा जरा मोठ्या, मिनी डीव्ही नावाच्या. प्रत्येकीवर मामांच्या हातचं लेबल. जुन्या व्हीएचएसवर पत्ता होता 'औंढा नागनाथ, जि. परभणी'. आमची एक मावसबहीण म्हणाली, "मामा, जिल्हा चुकीचा लिहिला की!" मामा हसले. चुकीचा नव्हता. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी औंढा परभणीतच होतं. म्हणजे ती कॅसेट जिल्ह्यापेक्षा जुनी.

छोट्या कॅसेटींपैकी एकीवर लिहिलं होतं 'रथोत्सव २००४'. मामा म्हणाले, "ह्यात आबा हायेत. रथापुढं मृदंग वाजवायलेत." आबा म्हणजे आमचे आजोबा. २००६ मध्ये गेले. फोटो आहेत त्यांचे, पण हलते-बोलते आबा जगात फक्त त्या एका कॅसेटमध्ये.

मी लगेच लॅपटॉप काढला. नवाकोरा, पातळ, कडेला दोन टाइप-सी पोर्ट. मामांनी जुना कॅमेरा काढला. कॅमेऱ्याच्या बाजूला रबरी झाकणाखाली एक चिमुकलं चौकोनी भोक. त्यात जाईल अशी वायर घरात कुणाकडेच नाही. शेजारी एक छोटा यूएसबी पोर्टही होता. त्याची वायर सापडली, जोडली, आणि लॅपटॉपवर उघडले कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातले तीन अंधुक फोटो. टेपमधलं काहीच नाही.

टेप शाबूत होती. लॅपटॉप दणकट होता. मधलं दारच नव्हतं.

फिल्म जळते, पण दिसते

मंडळी, हलतं चित्र पकडायचं आणि ते टिकवायचं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपल्याला लवकर जमलं. दुसरं अजून नीट जमलेलं नाही.

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवल्या गेल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादा यांनी विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्यावर हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसानं केलेल्या अगदी पहिल्या चित्रीकरणांपैकी हे एक. ती कुस्ती आज आपल्याला बघता येत नाही.

मग आले दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, म्हणजे औंढ्यासारखंच ज्योतिर्लिंगाचं गाव. ३ मे १९१३ ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. चार रिळांचा चित्रपट. आज त्यातली सुरुवातीची आणि शेवटची रिळं उरली आहेत, आणि तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असं बरेच अभ्यासक मानतात.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ती भयंकर वेगानं पेट घेते, आणि एकदा पेटली की विझवणं जवळपास अशक्य. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते असे जुने चित्रपट वाचवायला. तरीही ८ जानेवारी २००३ ला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेतल्या, नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि रिळांचा मोठा साठा गेला. वाचले ते चित्रपट, ज्यांच्या न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मवर आधीच प्रती काढून ठेवल्या होत्या.

पण फिल्मची एक गंमत बघा. शंभर वर्षांपूर्वीचं रीळ सापडलं, तर ते नुसतं खिडकीच्या उजेडासमोर धरा. चित्र दिसतं. मशीन नसलं तरी कळतं की यात काय आहे.

टेपचं उलटं आहे. ती तशी सहजासहजी पेटत नाही, पण उजेडासमोर धरली तर नुसती तपकिरी-काळी पट्टी. आबांचा मृदंग त्यात चुंबकीय खुणांच्या रूपात असतो. त्या खुणा वाचणारं मशीन हवं, आणि त्या मशीनमधून चित्र बाहेर नेणारा रस्ता हवा. यातलं एक जरी गेलं, तरी टेप असून नसल्यासारखी.

पाव इंच पट्टीत एक तास

मिनी डीव्ही आली १९९५ मध्ये. आधीच्या व्हीएचएसमध्ये चित्र ॲनालॉग असायचं. एका कॅसेटवरून दुसरी काढली की रंग फिके, तिसरी काढली की चेहरे धूसर. मिनी डीव्हीनं चित्र आकड्यांत लिहायला सुरुवात केली. पट्टी जेमतेम पाव इंच रुंद. त्यावर तिरप्या रेघांत माहिती, आणि एकेका रेघेची रुंदी १० मायक्रॉन. आपल्या केसाची जाडी याच्या कितीतरी पट. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका फ्रेमला अशा १२ रेघा आणि सेकंदाला २५ फ्रेम.

आता ही माहिती कॉम्प्युटरमध्ये न्यायची कशी? सेकंदाला सुमारे ३.६ एमबी, न थांबता, तासभर. त्या वेळचा यूएसबी सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट न्यायचा, म्हणजे दीड एमबी. डीव्हीला त्याच्या दुपटीहून जास्त लागायचं. शक्यच नव्हतं.

उत्तर होतं फायरवायर. ॲपलमध्ये १९८६ पासून यावर काम चालू होतं, आणि १९९५ मध्ये ते आयईईई १३९४ या नावानं सर्वांसाठीचं मानक झालं. सोनी त्यालाच आय-लिंक म्हणायची. वेग सेकंदाला ४०० मेगाबिट. पण खरी खुबी नुसत्या वेगात नव्हती. फायरवायर व्हिडिओसाठी रस्त्याची एक लेन राखून ठेवायचं. बाकी कितीही गर्दी असो, त्या लेनमध्ये दुसरं कुणी घुसणार नाही. टेप फिरत असते, ती थांबून वाट बघत नाही. म्हणून ही राखीव लेन लागायची.

शिवाय त्याच एका वायरीतून लॅपटॉप कॅमेऱ्याला हुकूम द्यायचा: रिवाइंड कर, प्ले कर, थांब. आणि टेपवरचे आकडे जसेच्या तसे डिस्कवर उतरायचे. प्रत काढली म्हणून काही फिकं व्हायचं नाही.

लोडशेडिंग आणि ४० जीबीची डिस्क

आता २००४ सालच्या औंढ्यात या. मराठवाड्यात तासन्‌तास लोडशेडिंग. मोठा कॉम्प्युटर लावून कॅप्चर करायला बसलं आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला लाइट गेली, की फाइल अर्धवट. पुन्हा टेप मागे घ्या, पुन्हा पहिल्यापासून. कारण एक तासाची टेप उतरवायला पूर्ण एक तासच लागायचा. आज आपण फाइल कॉपी करतो तशी ती घाई करत नाही.

म्हणून मामांनी सेकंडहँड लॅपटॉप घेतला. बॅटरी होती, लाइट गेली तरी काम चालू. पण लॅपटॉपचे स्वतःचे नखरे होते, आणि ते सगळे पोर्ट आणि डिस्कचेच होते.

पहिला नखरा: फायरवायरचे दोन आकार. मोठा सहा पिनांचा, त्यातून वीजसुद्धा जायची. छोटा चार पिनांचा, त्यात वीज नाही. बऱ्याच विंडोज लॅपटॉपना छोटा असायचा. कॅमेऱ्याला तो पुरायचा, पण बाहेरची हार्ड डिस्क लावायची तर तिला वेगळा ॲडॅप्टर, म्हणजे पुन्हा भिंतीतली लाइट! काही लॅपटॉपना पोर्टच नसायचं. मग कडेच्या खाचेत एक कार्ड घालून ते मिळवायचं.

दुसरा नखरा: डिस्कची जागा. एका तासाच्या टेपला सुमारे १३ जीबी. लॅपटॉपची डिस्क ४० जीबी. विंडोज आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकल्यावर कशाबशा दोन टेप मावायच्या. एका लग्नाच्या चार टेप. मग दोन उतरवा, कापा, जोडा, जुनं पुसा, पुढच्या दोन उतरवा.

तिसरा नखरा: डिस्कचा वेग. लॅपटॉपच्या डिस्क मिनिटाला ४२०० किंवा ५४०० फेरे घ्यायच्या. सेकंदाला ३.६ एमबी लिहिणं त्यांना एरवी जड नव्हतं. पण डिस्क भरत आली, फाइलींचे तुकडे इकडेतिकडे पडलेले असले, आणि तेवढ्यात अँटीव्हायरस जागा झाला, की लिहिणं क्षणभर अडकायचं. टेप मात्र पुढे सरकलेली. मधल्या फ्रेम गळायच्या. नवरदेवाचा हात हारासहित हवेत, आणि पुढच्या क्षणी हार नवरीच्या गळ्यात. मामा म्हणतात, "कॅप्चर चालू असलं की माऊसला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती."

चौथा नखरा सगळ्यात फसवा. डिस्क फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. हिशेब करा: ४ जीबी म्हणजे डीव्हीची जेमतेम १८-१९ मिनिटं. मंगलाष्टका संपायच्या आत कॅप्चर बंद! एनटीएफएस केलं की प्रश्न मिटायचा, पण हे कळेपर्यंत कितीतरी जणांनी रात्री जागवल्या.

या जागेच्या टंचाईचा एक परिणाम आज आपण भोगतोय. लग्नाची डीव्हीडी तयार झाली, गिऱ्हाइकाला दिली, की डिस्कवरची मूळ फाइल पुसली जायची. टेपचे पैसे वाचवायला तीच टेप पुढच्या लग्नाला. घरी राहिली ती डीव्हीडी. १३ जीबीचं चित्र दाबून दाबून ४.७ जीबीत बसवलेलं, तेही अशा तबकडीवर जिच्यातला रंगाचा थर वर्षांनी उडत जातो. मामांच्या पेटीत ३८ टेप उरल्या, कारण त्या यात्रेच्या होत्या. यात्रेला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्या कुणी परत वापरल्या नाहीत.

दार बंद कसं झालं

फायरवायर चांगलं होतं, मग गेलं कुठं? तीन कारणं.

एक, पैसा. फायरवायरच्या पेटंटसाठी प्रत्येक उपकरणामागे शुल्क द्यावं लागायचं. सुरुवातीला तर दर पोर्टमागे एक डॉलर मागितला गेला. पुढे तो कमी झाला, पण तोवर इंटेलसारख्यांनी यूएसबीची वाट पकडली होती. दोन, यूएसबी २.० आला २००० मध्ये, कागदावर ४८० मेगाबिट. सलग व्हिडिओत फायरवायर तरीही सरस होतं, पण माऊस, प्रिंटर, पेनड्राइव्ह सगळ्यांना एकच भोक मिळत असेल तर कंपनी दुसरं कशाला ठेवेल? तीन, टेपच गेली. २००६ नंतरचे कॅमेरे हळूहळू कार्डावर आणि डिस्कवर लिहू लागले. कार्ड काढा, फाइल ओढा, झालं.

ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलनं स्वतःच नव्या ॲल्युमिनियम मॅकबुकमधून फायरवायर काढलं. लोकांनी बरीच ओरड केली, काही मॉडेलमध्ये ते परत आलं, आणि शेवटचा फायरवायरवाला मॅकबुक प्रो २०१६ मध्ये विक्रीतून गेला. त्यानंतर ॲडॅप्टरला ॲडॅप्टर जोडून काम चालायचं. २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये तर फायरवायरचा आधारच काढून टाकला. म्हणजे आता वायर जोडली तरी आत ओळखणारं कुणी नाही. तिकडे व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

जगातल्या संग्रहालयांनी ही वेळ आधीच ओळखली होती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्ये 'डेडलाइन २०२५' असा इशारा दिला. २०१९ मध्ये युनेस्कोनंही तोच इशारा जगभर पोचवला: टेप वाचणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती चालवणारे हात संपत चालले आहेत. २०२५ येऊन गेलं, मंडळी.

देऊळ फिरलं, पण गोष्ट कुठे टिकली?

औंढ्याच्या माणसाला दाराची एक गोष्ट सांगावी लागत नाही. नामदेव महाराज नागनाथासमोर कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवलं, ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, अशी आपली परंपरा. नामदेवांचं नरसी आपल्याच जिल्ह्यातलं, आणि विसोबा खेचर हे गुरू त्यांना भेटले ते औंढ्यालाच असंही परंपरा सांगते.

पण ही गोष्ट टिकली कशी ते बघा. देवळाचा खालचा कोरीव दगडी भाग जुना आहे आणि वरचा भाग नंतर बांधलेला, हे बघताक्षणी कळतं. म्हणजे दगडालाही दुरुस्ती लागली. देऊळ फिरल्याची गोष्ट मात्र इथून शेकडो मैल दूर पंजाबात, गुरू ग्रंथ साहिबमध्ये, नामदेवांच्याच पदात नोंदलेली आहे. त्या ग्रंथाची पहिली संहिता १६०४ मध्ये तयार झाली आणि आज त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. इकडे वारकऱ्यांच्या वह्यांत आणि तोंडी वेगळ्या प्रती. भाषा वेगळी, लिपी वेगळी, गाव वेगळं. एका ठिकाणी आग लागली, पूर आला, राज्य बदललं, तरी दुसरीकडे शिल्लक.

आजचे तंत्रज्ञ यालाच ३-२-१ म्हणतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आपल्या संतांच्या अनुयायांनी हे नियम न वाचता पाळले. आपण खिशात २५६ जीबी घेऊन फिरतो आणि पाळत नाही.

पेटीचं काय झालं

आधी आम्ही ऑनलाइन एक स्वस्त वायर मागवली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला फायरवायरची पिन. ती चालली नाही, चालणारही नव्हती. दोन्हीची बोलायची पद्धतच वेगळी आहे, नुसती पिन बदलून भाषांतर होत नाही. तुम्ही त्यात पैसे घालू नका. पिवळी-लाल-पांढरी वायर आणि छोटं कॅप्चर यंत्र हा दुसरा मार्ग आहे. व्हीएचएसला तोच लागतो. पण मिनी डीव्हीचे आकडे आधी ॲनालॉग करून पुन्हा आकडे करायचे, यात चित्र पडतं. दुसरं काहीच नसेल तर जरूर करा, पण आधी फायरवायर शोधा.

आम्हाला ते सापडलं मामांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे, परभणीला. २००७ च्या आसपासचा लॅपटॉप, बॅटरी मेलेली, पण कडेला चार पिनांचं पोर्ट जिवंत. तीन रविवार बसलो. एका टेपला एक तास. ३८ टेपना हिशेबानं ४९४ जीबी, म्हणजे आजच्या एका टीबीच्या डिस्कचा अर्धा भाग. ज्या ढिगासाठी २००४ मध्ये ४० जीबीच्या तेरा डिस्क लागल्या असत्या, तो आता शर्टाच्या खिशात मावतो.

सगळ्या टेप निघाल्या नाहीत. पाच टेप लाँग प्ले मोडमध्ये होत्या. ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं बसवायला रेघा आणखी बारीक केलेल्या, साडेसहा मायक्रॉनच्या आसपास. अशी टेप ज्या कॅमेऱ्यात भरली त्यातच बरी चालते, आणि तो कॅमेरा कधीच भंगारात गेलेला. त्यांत नुसते चौकोन आणि खरखर. दोन टेपना बुरशी.

'रथोत्सव २००४' निघाली. गर्दी, गुलाल, आणि चाळिसाव्या मिनिटाला डावीकडून आबा. मृदंग वाजवताना मान किंचित वाकडी करायची सवय मला आठवतच नव्हती. एकूण सव्वा मिनिट. मामा काही बोलले नाहीत. उठून चहा टाकायला गेले.

आता तुमचा फोन

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे टेप नाही. बरोबर. पण दाराचा घोळ तोच आहे, फक्त आता सगळी दारं सारखी दिसतात. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार आहे, वेग नाही. कितीतरी फोनच्या टाइप-सीमध्ये आत यूएसबी २.० च आहे, म्हणजे २००० सालचा वेग. आयफोन १५ चं उदाहरण घ्या: साध्या मॉडेलला ४८० मेगाबिट, प्रोला १० गिगाबिट. दोन्हीचं भोक सारखंच. १०० जीबी फुटेज पहिल्यातून काढायला पाऊण तास, दुसऱ्यातून चांगली वायर आणि चांगली एसएसडी असेल तर काही मिनिटं. फोनसोबत आलेली चार्जिंगची वायर बऱ्याचदा हळूच असते. फोन किंवा लॅपटॉप घेताना पोर्ट किती आहेत यापेक्षा त्यांच्या आत कोणता यूएसबी आहे ते विचारा.

साठवणीचं सांगायचं तर, एसएसडी कामाला झकास, पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. कपाटासाठी साधी हार्ड डिस्क बरी, आणि तीही वर्षातून एकदा लावून बघायची. बाहेरची डिस्क फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडा, नाहीतर ४ जीबीचं जुनं भूत परत भेटेल. पेनड्राइव्हवर एकुलती एक प्रत कधीच नको. आणि दर सात-आठ वर्षांनी, नवी दारं जुनी होण्याआधी, सगळं पुढच्या डिस्कवर हलवा.

आमच्या टेपच्या आता तीन प्रती आहेत. एक औंढ्यात, एक पुण्यात, एक क्लाउडवर. मूळ टेपही ठेवल्या आहेत, पेटीतच, पण आता माळ्यावर नाहीत, कपाटात.

तुमच्या घरी, आत्याकडे, गावातल्या बंद स्टुडिओत अशी पेटी असेल तर या सुट्टीत उघडा. आधी कॅमेरा चालतो का बघा, मग जुना लॅपटॉप शोधा, आणि लेबलं वाचताना घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा. कुठल्या टेपमध्ये कोण आहे, हे कुठल्याच पोर्टमधून बाहेर येत नाही. ते त्यांनाच ठाऊक असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर, बॅकअप घ्या!